आखूड बंदूक

दिवाळी आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार आणि दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुण्यांचा राबता. लेकी-जावयांना बोलावणं असतंच. माझी सासुरवाडी तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या अंगाला. मी राहतो पवनीकडे, आसगावला. म्हणजे जिल्ह्याच्या दोन टोकांना. तरी लग्न झाल्यापासून एकही मंडई मी चुकवलेली नाही. त्याचं कारण जेवण नाही आणि नाटकही नाही. कारण फुगे.

सासरी ती रीतच होऊन बसली आहे. जेवणं झाली की मेहुणा मला फुगे फोडायच्या दुकानापुढे नेऊन उभा करतो. मागे सासरचं सगळं गणगोत. बंदूक उभ्यानेच मारायची. कोपर फळीला जरा टेकलं की मागून ओरडा होतो, "जवाई म्हातारा झाला रे!" दुकानातली कोणतीही बंदूक सरळ नसते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिला छर्रा फुकट घालवायचा, तो किती उजवीकडे गेला ते पाहायचं, आणि पुढचे तेवढंच डावीकडे धरून मारायचे. या विद्येत मी वाकबगार होतो. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला सासरी मान मिळायला दुसरं काही नव्हतंच.

गेल्या मंडईत मी बंदूक उचलली आणि नळीचं टोक थांबेना. लाल फुग्यावर धरलं की ते पिवळ्यावर जाई, तिथून खाली. मी श्वास रोखला, तर आणखीच नाचायला लागलं. एक फुगा फुटला, तोही मी धरला होता त्याच्या शेजारचा.

"काय जी भाऊजी, नळी काहून नाचून राह्यली?" मेहुणा म्हणाला. तो खाणीत नोकरीला, आवाज मोठा. सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री नाटकातल्या विनोदी पात्राला सगळे हसले, तेव्हा मी माझ्या हाताकडेच पाहत होतो.

त्याचं कारण माझे बाबा. शेवटची काही वर्षं त्यांना कंपवात होता. शर्टाची बटणं माय लावायची. चहा बशीत ओतला की बशीभर लाटा उठत. पुढे पुढे घास तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा मायने भरवायला सुरुवात केली, आणि आयुष्यभर धानाच्या बांधीत ताठ उभा राहिलेला तो माणूस लहान मुलासारखी मान वळवून घ्यायचा. ती मान वळवणं मला अजून दिसतं. आणि मी त्यांचा मुलगा. नाक त्यांचं, नखं त्यांची, चिडणंही त्यांचंच. एवढं सगळं दिलं त्यांनी, तर हे तेवढं ठेवून घेतलं असेल कशावरून?

मंडईहून परतताना मी गाडीच्या खिडकीशी बसून उजवा हात समोर धरून पाहिला. थरथर दिसली नाही. पण गाडीच हलत होती, तर कळणार काय? घरी येऊन पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला धरला. सांडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं, कंपासाशिवाय. ते माझं वैशिष्ट्य. वर्तुळ गोल आलं. मनात म्हटलं, काही नाही झालेलं. खाली त्याचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, मोठं लिहा ना, दिसत नाही!" हे अलीकडे बऱ्याचदा होत होतं. माझाच चष्मा बदलायला झाला, असं मी स्वतःला सांगितलं आणि विसरलो.

डॉक्टरकडे का गेलो नाही, असं कोणीही विचारील. हात दाखवून अवलक्षण कशाला, हे एक. दुसरं म्हणजे, डॉक्टर एकदा बोलला की ते परत घेता येत नाही. त्यापेक्षा मी स्वतःशी एक करार केला. एक चांगली, सरळ बंदूक घ्यायची. उभ्याने मारायची, कुठेही न टेकता. छर्रे एका जागी गोळा झाले तर मला काही झालेलं नाही. मंडईत दोष दुकानवाल्याच्या बंदुकीचा. नाही झाले, तर मग पाहू. हा करार मी कोणाला सांगितला नाही. बायकोला म्हणालो, "निवृत्ती जवळ आली. काहीतरी छंद पाहिजे."

ती म्हणाली, "घ्या ना. कोन नाई म्हनते?" आणि लसणाची परडी माझ्यापुढे सरकवली. "तेवढा सोलून देता का?"

हे तिचं नवीनच सुरू झालं होतं. मी ओसरीवर टेकलो की लसूण. लसूण नसला तर तुरीच्या शेंगा. शेंगा नसल्या तर तांदळातले खडे, जे आता गिरणीच्या तांदळात सापडतही नाहीत. शेजारी येऊन बसले तरी परडी माझ्या मांडीवरच. एकदा मी वैतागून म्हणालो, की संसारभराचा लसूण माझ्याच वाट्याला का? "मंग बसल्या बसल्या काय कराल?" एवढंच ती बोलली. मी सोलत राहिलो.

बंदूक निवडायला बसलो आणि चांगलाच फसलो. फोनवर एक व्हिडिओ पाहिला की दहा येत. लायसन न लागणारी हवेची बंदूक घ्यायची हे ठरलेलं होतं, पण तिच्यातही जाती-पोटजाती. स्प्रिंगची घ्या तर मारताना अंगाला झटका. नळकांड्यात आधी हवा भरून ठेवायची घ्या तर झटका नाही, पण पंप मारता मारता घाम निघतो. लांब घ्या तर टोक जड, डावा हात भरून येतो. हलकी घ्या तर छातीतला ठोकासुद्धा नळीच्या टोकाला दिसतो. हे शेवटचं वाक्य ऐकून मी फोन बंद केला आणि बराच वेळ नाडी मोजत बसलो. मन चिंती ते वैरी न चिंती.

मेहुण्याला घेऊन नागपूरच्या एका दुकानात गेलो. पहिली लांब बंदूक हातात घेतली आणि भिंतीवरच्या कागदी निशाण्यावर रोखली. तेच झालं. टोक निशाण्याभोवती पिंगा घालू लागलं. माझ्या कानशिलांवर घाम आला. मी ती खाली ठेवून दुसरी उचलली, मग तिसरी. दुकानदार बिचारा गुण सांगत होता आणि मी फक्त टोकाकडे पाहत होतो. शेवटी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "इतकी हलते का सगळ्यांची?"

"सर, उभं राहून सगळ्यांचीच नळी फिरते," तो म्हणाला. "फिरू द्यायची. बरोबर जागेवर आली की घोडा दाबायचा."

"सगळ्यांची, पण इतकी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक जाईल या भीतीने असेल, पण तो म्हणाला, "वयाप्रमाणे थोडी जास्त." झालं. त्या 'थोडी जास्त'ने माझे पुढचे कित्येक दिवस खाल्ले. त्या दिवशी काही न घेताच आम्ही परतलो. मेहुण्याला वाटलं, मी किमतीला भ्यालो.

पुढच्या खेपेला त्याच दुकानात मी ती आखूड बंदूक पाहिली. तिला बुलपप म्हणतात. इतर बंदुकांत घोडा मागे असतो आणि सगळा पसारा पुढे लांबवर जातो. हिच्यात यंत्र मागे ढकललेलं, थेट गालाखाली, आणि घोडा पुढे. नळी तेवढीच लांब, पण बंदूक हातभर आखूड दिसते. मेहुणा तिला उलटसुलट करून म्हणाला, "भाऊजी, इचं तोंड कोनतं नं शेपूट कोनतं? बंदूक म्हनजे कशी लांब पायजे. हे तं पायपुसणं गुंडाळल्यावानी हाये."

मी ती खांद्याला लावली. वजनाला ती काही हलकी नव्हती. पण सगळं वजन खांद्यापाशी येऊन बसलं. डावा हात पुढे ताणावा लागला नाही. कोपर आपोआप बरगडीला टेकलं, आणि ते तर मंडईच्या नियमातही बसत होतं. टोक फिरलं, नाही असं नाही, पण नाचलं नाही. सावकाश जाऊन परत आलं. मी श्वास सोडला. मंडईनंतर पहिल्यांदा तो पोटापर्यंत गेला असेल.

तरी मी लगेच घेतली नाही. भित्या माणसाला चांगली गोष्टसुद्धा संशयाची वाटते. या जातीत घोडा पुढे आणि यंत्र मागे, त्यामुळे मधे एक लांब सळई असते. यातल्या स्वस्त बंदुकीत घोडा भिजल्या पोह्यांसारखा मऊ लागतो आणि केव्हा सुटेल कळत नाही. मी दुकानातल्या दोन्ही आखूड बंदुकांचे घोडे परत परत दाबून पाहिले. एकीचा मऊ होता, दुसरीचा काडी मोडावी तसा. पण त्या दुसरीची छर्रा चढवायची कळ पार कानाजवळ, म्हणजे दर वेळी बंदूक खांद्यावरून उतरवा. शिवाय तिची दुर्बीण उंच बसवलेली आणि गाल टेकायची पट्टी खाली, त्यामुळे माझ्या चष्म्यातून मला अर्धं काळंच दिसे. दुकानदाराने सांगितलं, पट्टी वर-खाली होणारी आणि कळ पुढे असलेली एक येणार आहे, थांबा. मी थांबलो. मधे एकदा उगाच चौकशीला जाऊन आलो, आणि ती आली तेव्हा परत गेलो. पट्टी गालाला बसेपर्यंत वर घेतली. डोळा दुर्बिणीसमोर आपोआप आला. घोडा दाबला. काडी मोडली.

"हीच," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण दुकानातली बाकी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

निशाणा घराच्या मागच्या आवारात लावला. जाड मातीची भिंत, तिच्यापुढे मातीने भरलेला लाकडी खोका, त्यावर कागद. आवाराचं दार आतून लावलं. मेहुणा मुद्दाम आसगावला आला होता. पंप त्यानेच मारला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पदराला पुसत.

मी उभा राहिलो. पाय खांद्याएवढे फाकवले, कोपर बरगडीला, गाल पट्टीला. आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की नोकरीच्या मुलाखतीतही धडधडली नसेल. इतके दिवस ती बंदूक दुकानात होती तोवर निकाल लांब होता. आता कागद समोर होता. मला स्पष्ट वाटलं, बंदूक खाली ठेवावी, पोट दुखतं म्हणावं आणि आत जाऊन झोपावं. पण मागे मेहुणा होता. मी छर्रे सोडत गेलो. कागदाकडे नीट पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

मेहुणा कागद काढून घेऊन आला. काळ्या गोलात एकही भोक नव्हतं.

"अवो भाऊजी, पाहा तं खरं!" त्याने कागद माझ्या तोंडासमोर धरला. सगळी भोकं गोलाच्या डावीकडे होती. सगळी. एका लिंबाएवढ्या जागेत, एकमेकांना चिकटून. "डावीकडे काहून मारून राह्यले तुमी?"

मग माझ्या लक्षात आलं. दुर्बिणीतली फुली मी काळ्या गोलावर ठेवलीच नव्हती. वर्षानुवर्षं मंडईतल्या वाकड्या बंदुका मारून हाताला सवय लागलेली, जरा डावीकडे धरायची. सरळ बंदूक हाती आली तरी माझा तिच्यावर विश्वास बसेना.

"नाचता येईना अंगन वाकडं म्हनतात," मेहुणा पोट धरून हसत होता. "तुमचं उलटंच. अंगन सरळ करून देल्लं तं नाचता येईना!"

पुढच्या वेळी मी फुली गोलाच्या मधोमध ठेवली. भोकं गोलात पडली. अगदी मधोमध नाही, पण गोलात, सगळी. मी तो कागद हातात घेतला आणि मला रडू फुटेलसं वाटलं. मेहुण्याला मिठी मारली. जावयाने मेहुण्याला मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही, तो बावरला. मी बायकोला ओरडून म्हणालो, "गोड काहीतरी कर!" तिने मान हलवली. ती हसली नाही, हे मला तेव्हा जाणवलं, पण बंदुकीवर खर्च झाला म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

जेवून मेहुणा उन्हं कलायच्या आत निघाला. मी बंदूक रिकामी करून पेटीत ठेवली आणि ओसरीवर येऊन टेकलो. कागद शेजारी. पोट भरलेलं. मंडईपासून मानेवर बसलेलं ओझं उतरलं होतं. दोन्ही हात मांडीवर सैल सोडून मी समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो. मनात काही नव्हतं. काहीच नसण्याचं सुख मी बऱ्याच दिवसांनी घेत होतो.

खाली नजर गेली. माझ्या उजव्या हाताचा अंगठा हलत होता.

तो बोटांवर घासत होता, सावकाश, एका लयीत, तळहातावर तंबाखू मळावी तसा. मी मळत नव्हतो. मी काहीच करत नव्हतो. जरा वेळ मी त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा पाहत राहिलो. मग हात उचलला. थांबला. शेजारचा कागद धरला. थांबलेलाच. कागद ठेवून हात मांडीवर सोडला. पुन्हा सुरू.

आणि बाबा आठवले. शेवटचे बाबा नव्हेत, त्याच्या बऱ्याच आधीचे. तंबाखू सोडून कित्येक वर्षं झाली तरी लोक त्यांना म्हणायचे, "एकटाच मळून राह्यला का गा, आमाले बी दे." आणि ते चिडायचे. मग आठवले त्यांचे दोर. अंबाडीचे. माय त्यांच्यापुढे अंबाडी आणून टाकायची, आणि ते बसल्या जागी दोर वळत बसायचे. पाहुणे आले की तर हटकून. लग्नकार्यातसुद्धा ती पिशवीत अंबाडी घेऊन जायची. अर्ध्या गावाची गुरं आमच्या घरच्या दोरांनी बांधलेली होती. लोक म्हणत, या माणसाचा हात कधी रिकामा नसतो. मलाही तो कष्टाळूपणा वाटे. शाळेत मुलांना मी त्यांचं उदाहरण देत असे.

दोर वळताना त्यांचा हात कधी हलल्याचं मला आठवत नाही. आज बंदूक धरताना माझाही हलला नव्हता; मंडईत नळी नाचली ती उभ्याने सगळ्यांचीच फिरते तशी. म्हणजे इतके महिने मी हाताला कामाला लावून विचारत होतो, तुला काही झालंय का. कामात तो खोटं बोलत होता.

पाठीमागे पावलं वाजली. बायको लाखोरीची डाळ सुपात घेऊन आली होती. तिने ते सूप माझ्या मांडीवर ठेवलं. माझा हात सवयीने डाळीत गेला, खडे शोधू लागला, आणि अंगठा थांबला.

लसूण. तुरीच्या शेंगा. नसलेले खडे. शेजारी आले तरी मांडीवर परडी.

"केव्हापासून?" मी विचारलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

ती खाली बसली. "पोळ्याच्या आधीपासून. पयले वाटलं, माह्यीच नजर. मंग तुमची अक्षरं पाह्यली. बाबाजीची सही अशीच बारीक होत गेली होती बँकेत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या मायनं मले शिकवलं होतं जी. मानसाचा हात रिकामा दिसू देऊ नोको म्हने. लोकाले नाई, अन् त्याले तं नाईच नाई." तिने सुपातली डाळ हाताने सारखी केली. "मले वाटलं, तुमाले जेवढे दिवस नाई दिसत, तेवढे दिवस तरी बरे जातीन."

बरे दिवस! मला हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू. माझे ते बरे दिवस मी नागपूरच्या दुकानात घाम पुसत काढले होते, आणि तिने लसणाच्या पाकळ्या मोजत. एका घरात राहून दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. बाबांना तरी कळलं होतं का, की ते दोर कशासाठी? कळलं असणार. म्हणून तर ते मान वळवून घेत.

मी सूप उचलून बाजूला ठेवलं.

"राहू दे," मी म्हणालो. "आता रिकामाच राहू दे."

हात मांडीवर सोडला. थोडा वेळ गप्प होता, मग सुरू झाला. ती पाहत राहिली. मीही. मग तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट, थांबवायला म्हणून. तो थांबला नाही. तिच्या बांगड्या बारीक वाजायला लागल्या.

"बंदुकीसाठी नागपूरले चारदा गेले," ती म्हणाली. "हातासाठी एक डाव चला."

"उद्या," मी म्हणालो. "सकाळच्या गाडीनं."